मेहरूणचे पाणी, समुद्राचे आम्ल आणि विषारी शैवाल

मेहरूण हे आज जळगाव शहरात मिसळून गेलेले गाव. बोरांच्या जातींत 'मेहरूण' ही एक जात आहे, ती याच गावची. गावच्या शिवारातल्या तलावाने जळगावला अनेक वर्षे पाणी पाजले. १८६४ मध्ये जळगावला नगरपालिका आली. रेल्वेमुळे आणि कापसाच्या व्यापारामुळे पेठ वाढली, १९०१ च्या शिरगणतीत तिची वस्ती सोळा हजारांवर गेली. या वस्तीला नळाने येणारे पाणी सुमारे दोन मैलांवरच्या मेहरूण तलावाचे होते. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण ठरले. शहराची तहान तलावाला पुरेनाशी झाली. आता जळगाव वाघूर धरणाचे पाणी पिते, आणि मेहरूणचा तलाव सकाळी फिरायला जाण्याचे व गणपती विसर्जनाचे ठिकाण म्हणून ओळखला जातो.

पिण्याच्या पाण्यावर गावाची नजर असते. त्याचा रंग बदलला, वास आला, तर दुसऱ्या दिवशी बोभाटा होतो. पिण्यातून सुटलेल्या पाण्याकडे मासे मरून वर येईपर्यंत कोणी पाहत नाही. समुद्राचेही नेमके तसेच झाले आहे. मेहरूणपासून तो सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप), शैवाल आणि मासे यांचे नाते दोन्हीकडे एकाच रसायनशास्त्राने बांधलेले आहे. ते नाते माणसाला कसे कळत गेले, याच्या इतिहासात मुंबईची तळी आहेत, मलबारचा किनारा आहे आणि खुद्द खानदेशचा काळा पाषाणही आहे.

या पाषाणापासून सुरुवात करणे योग्य. जळगावच्या आसपासचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे. दख्खनच्या त्या उद्रेकांतून लाव्हाबरोबर प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलूब येथे मोठी उल्का कोसळली आणि डायनोसॉरांसह असंख्य सजीव नाहीसे झाले. समुद्रातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या कवचांतील बोरॉनचे समस्थानिक मोजून २०१९ मध्ये असे दाखवण्यात आले, की त्या वेळी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.२५ ने झपाट्याने घसरला होता. ती घसरण मुख्यतः उल्केमुळे झाली, असे त्या अभ्यासकांचे मत पडले. दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तरीही पृथ्वीच्या इतिहासात समुद्र आंबट होण्याचा विषय निघाला की खानदेशच्या खडकाचे नाव घ्यावेच लागते.

याच खडकाने पुढे उलटे कामही केले. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. ते काळ्या पाषाणात मुरले की खडक हळूहळू झिजतो, त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटते आणि कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट होते. खानदेशातल्या कित्येक विहिरींच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो याच झिजेचा हिशेब. फ्रेंच भूरसायनशास्त्रज्ञ सेलीन देसेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दख्खनच्या नद्यांच्या पाण्यावरून या झिजेचे मोजमाप मांडले. दख्खनचा खडक हवेतला कार्बन मोठ्या प्रमाणात शोषून समुद्राकडे पाठवतो, हे त्यातून स्पष्ट झाले. तापी हे काम रोज करते. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेपलीकडे डुमसजवळ समुद्राला मिळते आणि जाताना खानदेशचे बायकार्बोनेट व सिलिका बरोबर नेते. बायकार्बोनेट पाण्याला आम्लाचा धक्का सोसण्याची ताकद देते. म्हणून काळ्या पाषाणावरचे तलावाचे पाणी सहसा आंबट होत नाही, त्याचा सामू सातच्या वरच असतो.

सामू मोजण्याची पद्धत मात्र अलीकडची. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. सात हा मध्य. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. ही मोजपट्टी साधी नाही, तिच्यातला एक अंक म्हणजे दहापट फरक. समुद्राचा सामू केवळ ०.१ ने उतरला असे वाचताना बदल किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून अधिक वाढले असा होतो.

उथळ, हिरव्या पडलेल्या तलावात सामूची हालचाल एका दिवसातच पाहता येते. सूर्य वर आला की शैवाल प्रकाशसंश्लेषण सुरू करते आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. तो कमी झाला की सामू चढतो. नील-हरित शैवालाचा दाट थर असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास तो नऊच्या पुढेही जातो. रात्री उलटे घडते. प्रकाश नसताना शैवाल, जिवाणू आणि मासे सगळेच श्वास घेतात, ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू उतरतो. सर्वांत वाईट वेळ पहाटेची. तेव्हा रोहू-कटला पाण्याच्या वरच्या पापुद्र्याशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात, कारण हवेला टेकलेल्या त्या पातळ थरातच थोडा ऑक्सिजन उरलेला असतो. मरळीला हवा घेता येते, ती तग धरते. सकाळी कडेला मेलेले मासे दिसले की पाण्यात कोणी विष कालवले असा संशय येतो. पुष्कळदा तिथे विष नसते, रात्रभर गुदमरणे असते.

पण कधी कधी विषही असते. सांडपाणी, शेतातून वाहून आलेले खत, विसर्जनानंतर कुजणारे निर्माल्य यांतून नत्र आणि स्फुरद मिळाले की मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित शैवाल माजते. त्याचे काही वाण यकृतावर घाला घालणारे मायक्रोसिस्टिन तयार करतात. शिवाय सामू चढला की पाण्यातल्या निरुपद्रवी अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. २५ अंश तापमानाला सामू ९.२५ च्या आसपास असेल तर दोन्हींचे प्रमाण निम्मे-निम्मे होते. म्हणजे तलावात सामूमुळे माशांना धोका आहे तो मुख्यतः अल्काचा. समुद्राच्या बाबतीत आज चर्चा आहे आम्लाची. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण मूळ प्रश्न एकच आहे: पाण्यातला कार्बन बदलला की शैवालाचे विष वाढते की घटते?

या प्रश्नाचा आपल्याकडचा पहिला धागा मुंबईत सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० च्या दशकात मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज अभ्यासले. पुढे १८५८ मध्ये त्यांनी मुंबई बेटाभोवती समुद्र लाल होतो तो कशामुळे, यावर टिपण प्रसिद्ध केले. तो रंग एका सूक्ष्म, चाबकासारख्या शेपटीने पोहणाऱ्या जीवाचा आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले आणि त्याला पेरिडिनियम सँग्विनियम असे नाव दिले. आजच्या वर्गीकरणात असे जीव डायनोफ्लॅजेलेट गटात येतात. विषारी शैवालांपैकी कितीतरी याच गटातली आहेत. तळे आणि समुद्र ही दोन वेगळी जगे न मानता एकाच भिंगाखाली दोन्ही पाहणारा हा माणूस मराठी मुलखाच्या निसर्गविज्ञानात अधिक आठवला जायला हवा.

पन्नास वर्षांनी मलबार किनाऱ्यावर जेम्स हॉर्नेल यांनी पुढचे पाऊल टाकले. मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्यात काम करताना १९०८ पासून त्यांनी पावसाळा सरताना होणाऱ्या माशांच्या मोठ्या मरतुकीची नोंद ठेवली, आणि १९१७ मध्ये एका युग्लिनासारख्या सूक्ष्मजीवाला त्यासाठी जबाबदार धरले. भारताच्या किनाऱ्यावरील शैवालाच्या बहराच्या नोंदी अभ्यासक आज १९०८ पासूनच मोजतात. हॉर्नेल यांच्या निष्कर्षात मात्र आता दुरुस्ती करावी लागेल. पावसाळ्यात या किनाऱ्यावर खोलातले, ऑक्सिजन नसलेले पाणी वर येते. मरतुकीत त्याचाही हात असणार. ऑक्सिजन मोजायची सोय हाताशी नसताना त्यांनी जे पाहिले ते लिहिले, आणि काळ-वेळ इतका नीट लिहिला की शंभर वर्षांनीही त्या नोंदी उपयोगी पडतात.

१ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोनापावलाच्या टेकडीवरून या किनाऱ्याचा सलग अभ्यास सुरू झाला. सत्तरच्या दशकात व्ही. पी. देवस्सी आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या समुद्रात ट्रायकोडेस्मियम या नील-हरित शैवालाचा बहर येतो, ओसरतो आणि त्याच्या मागोमाग कोणते जीव येतात, हे क्रमाने नोंदवले. तोवर विषारी शैवालाचा प्रश्न माणसाच्या ताटापर्यंतही पोहोचला. १९८१ मध्ये तामिळनाडूत शिंपल्या खाऊन लोक आजारी पडले, काही दगावले. १९९७ मध्ये केरळात विळिंजम येथे तेच घडले. कारण होते डायनोफ्लॅजेलेटांचे सॅक्सिटॉक्सिन. ते शिंपल्यांत साचते आणि शिजवल्याने जात नाही. तिसऱ्या आणि कालवे आवडीने खाणाऱ्या कोकण-गोव्यासाठी ही दूरची बातमी नव्हती.

जपानने याहून मोठा फटका खाल्ला. १९७२ मध्ये सेतो अंतर्समुद्रात चॅटोनेला नावाच्या शैवालाच्या बहरात पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे १.४ कोटी मासे मेले. पिंजऱ्यातल्या माशाला पळता येत नाही. अशी शैवाले बहुधा कल्ल्यांवर हल्ला करतात. कल्ल्याची पातळ त्वचा सुजते, तिच्यावर बुळबुळीत द्रव साचतो, क्षार आणि पाणी यांचा तोल जातो आणि ऑक्सिजन आत जायचा थांबतो. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो.

आम्लीकरणाची कल्पना या सगळ्याला उशिरा येऊन मिळाली. रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी १९५७ मध्ये दाखवले, की कोळसा-तेलातून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र समजला जातो तितक्या चटकन सामावून घेत नाही. पुढच्याच वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवर मौना लोआ येथे हवेतले प्रमाण मोजायला सुरुवात केली. तेव्हा ते दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते, आज ४२० च्या पुढे गेले आहे. कारखानदारीपूर्वी ते २८० च्या आसपास होते. मानवनिर्मित उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो. पाण्यात गेलेला वायू कार्बोनिक आम्ल बनवतो, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि सामू उतरतो: ८.२ वरून ८.१ पर्यंत. समुद्र आम्लधर्मी झालेला नाही, तो अल्कधर्मीच आहे. फक्त आम्लाच्या दिशेने सरकतो आहे. या सरकण्याला 'समुद्राचे आम्लीकरण' हे नाव केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट यांच्या २००३ मधल्या लेखाने रूढ केले. उत्सर्जन असेच राहिले तर शतकाच्या अखेरीस आणखी ०.३ ते ०.४ ने घसरण होईल, असा अंदाज आहे.

त्यानंतर प्रयोगशाळांत शैवालांना वाढीव कार्बन देऊन पाहणे सुरू झाले, आणि उत्तरे एकमेकांशी जुळेनात. कार्लोडिनियम व्हेनेफिकम हे माशांचे कल्ले जाळणारे शैवाल. २०१० च्या प्रयोगात कार्बन जास्त आणि स्फुरद कमी असे पाणी मिळताच त्याची विषारी ताकद वाढली. स्युडोनिट्शिया या डायटमच्या डोमोइक आम्ल या विषाचेही २०११ मध्ये तसेच दिसले. अलेक्झांड्रियम या डायनोफ्लॅजेलेटच्या एका वाणात कार्बन वाढल्यावर सॅक्सिटॉक्सिन वाढले, तर दुसऱ्या वाणात घटले. प्रिम्नेशियम पार्व्हमचा कल तर उलट्याच दिशेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्रायलच्या निमखाऱ्या मत्स्यतळ्यांत याने कार्प माशांचा फडशा पाडला, तेव्हा मोशे शिलो यांच्या गटाने शोधून काढले की त्याचे विष अल्कधर्मी पाण्यातच भडकते. सामू चढला की विषाच्या रेणूचा विद्युतभार जातो आणि तो कल्ल्याच्या पडद्यातून सहज आत शिरतो. सामू उतरला की विष थंडावते. ऑगस्ट २०२२ मध्ये पोलंड-जर्मनी सीमेवरच्या ओडर नदीत खाणींचे खारे पाणी, उन्हाळ्याची उष्णता आणि चढलेला सामू एकत्र आले, तेव्हा याच शैवालाने ३०० टनांहून अधिक मासे मारले.

ही उत्तरे विस्कळीत दिसली तरी त्यांच्यामागे कारण आहे. प्रकाशसंश्लेषणात कार्बन पकडणारे विकर डायनोफ्लॅजेलेटांत विशेष अकार्यक्षम असते. म्हणून कार्बन आत ओढून साठवण्यासाठी त्यांना ऊर्जा खर्चावी लागते. बाहेर कार्बन मुबलक झाला की ती ऊर्जा वाचते. वाचलेली ऊर्जा वाढीकडे जायची की विषाकडे, हे ठरवते पाण्यात आणखी कशाचा तुटवडा आहे ते. स्फुरद संपला तर पेशी दुभंगू शकत नाही, पण कार्बन आत येतच राहतो. मग तो कार्लोडिनियमच्या कार्लोटॉक्सिनसारख्या कार्बनने भरलेल्या विषात वळतो. सॅक्सिटॉक्सिनच्या एका रेणूत नत्राचे सात अणू असतात, त्यामुळे नत्र नसेल तर नुसता कार्बन वाढून ते वाढत नाही. म्हणून आम्लीकरणाने विष वाढते, असे एका वाक्यात सांगणारी बातमी अर्धीच खरी असते. खत आणि सांडपाणी यांचा हिशेब न मांडता कार्बनचा हिशेब लागत नाही.

काचेच्या भांड्याबाहेरचा सर्वांत बोलका प्रयोग २०१४ मध्ये कॅनरी बेटांजवळ झाला. उल्फ रीबेझेल यांच्या गटाने ग्रान कनारियाच्या किनाऱ्यालगत समुद्रातच प्लास्टिकच्या प्रचंड पिशव्या टांगल्या आणि प्रत्येकीतल्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड विरघळवला. नंतर त्यांत पोषकद्रव्यांनी समृद्ध असे खोल समुद्रातले पाणी मिसळले. कार्बन डायऑक्साइडची पातळी ६०० मायक्रोॲटमॉस्फियरच्या वर गेली तिथे व्हिसिसिटस ग्लोबोसस या विषारी शैवालाची संख्या वाढली. ८०० च्या वर त्याचा बहरच आला. त्या पिशव्यांत शैवाल खाणाऱ्या सूक्ष्मप्राण्यांची वाढ खुंटली, म्हणजे माशांच्या पिलांचे अन्नच आटले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे महत्त्व इथे आहे: विष माशाला थेट न मारताही त्याच्या खालची पायरी काढून घेऊ शकते.

माशांवर आम्लाचा स्वतंत्र परिणाम किती, याबाबत मात्र सावध राहायला हवे. आम्लीकरणाने प्रवाळ खडकांवरच्या माशांची घ्राणशक्ती आणि भीतीची जाणीव बिघडते, असे २००९ नंतरच्या काही अभ्यासांत सांगितले गेले होते. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने ते प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

अरबी समुद्राची स्थिती वेगळी आहे. इथे मधल्या थरात जगातला मोठा ऑक्सिजनशून्य पट्टा आहे. कुजण्याने ऑक्सिजन संपतो तिथे कार्बन डायऑक्साइड साचतोच. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत ते पाणी केरळपासून कोकणापर्यंतच्या उथळ किनाऱ्यावर चढते. गोव्यात कांदोळीसमोरच्या ठिकाणावर समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून वारंवार मोजमाप केले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या तळाशी ऑक्सिजन जवळपास शून्यावर येतो आणि हायड्रोजन सल्फाइडही आढळते. इतर समुद्रांना येत्या शतकात जे पाणी लाभणार, त्याच्या जवळचे पाणी या किनाऱ्याच्या तळाला दर पावसाळ्यात येते. त्यावर तापी आणि इतर नद्यांतून येणारे नत्र, मुंबईसारख्या शहरांचे सांडपाणी यांची भर पडते. खानदेशातल्या केळीला दिलेल्या युरियाचा न वापरला गेलेला हिस्साही याच वाटेने जातो.

या समुद्रातला अलीकडचा मोठा बदल म्हणजे नॉक्टिलुका. २००० नंतर उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात या जीवाच्या हिरव्या रूपाचा विस्तीर्ण बहर येऊ लागला, आणि डायटमांचे वर्चस्व ढळले. नॉक्टिलुका विष बनवत नाही; तिच्या पेशीत अमोनिया साचतो आणि बहर कुजला की ऑक्सिजन संपतो. तिला मासे फारसे खात नाहीत, जेलीफिशसारखे प्राणी खातात. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यांवर लाटा निळ्या चमकल्या, तो अशाच जीवांचा प्रकाश. त्या चमकेतही आम्लच काम करते. लाटेचा धक्का बसला की पेशीतल्या एका सूक्ष्म पिशवीत हायड्रोजन आयन घुसतात, तिथला सामू आठवरून सहाकडे येतो, आणि त्या क्षणी प्रकाश देणारा रेणू मोकळा होतो. आयन आत सोडणारी एक खिडकी पेशीत असली पाहिजे, हा तर्क १९७२ मध्येच मांडला गेला होता. पुढे अशी खिडकी कार्लोडिनियममध्ये प्रत्यक्ष सापडली.

बहराचे कारण काय, यावर २०१४ पासून वाद आहे. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांच्या गटाने ऑक्सिजनचा तुटवडा पसरल्याकडे बोट दाखवले, कारण नॉक्टिलुकाच्या पोटातले हिरवे सहजीवी कमी ऑक्सिजनमध्ये अधिक जोमाने काम करतात. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्य अरबी समुद्रातले असे बहर मांडले, ज्यांच्या पाण्यात ऑक्सिजनचा तुटवडाच नव्हता. इन्कॉइस आता उपग्रहांवरून शैवाल-बहराची माहिती देते. त्यासाठी ईशान्य अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचे आखात आणि ओडिशातले गोपाळपूर ही ठिकाणे निवडली आहेत. उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, त्यावरून हरितद्रव्य किती ते कळते. शैवाल कोणत्या जातीचे, त्यात विष आहे का आणि पाण्याचा सामू काय, हे कळण्यासाठी होडीतून जाऊन बाटली भरावी लागते.